‘लाइन खराब आहे’ : संथ डायलअपच्या निदानाचा इतिहास

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका ज्येष्ठ स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, "डायलअप म्हणजे तो मोडेम फोनमधून किंचाळायचा तेच ना? त्याचा कसला आलाय इतिहास?" (हशा) प्रश्न रास्त आहे. ते यंत्र आता माळ्यावरही सापडत नाही. पण ‘नेट स्लो आहे’ ही तक्रार त्या यंत्राबरोबर गेली नाही, ती आपल्या घरात आजही आहे. त्या तक्रारीचं कारण कसं शोधायचं, हे माणसं डायलअपच्या काळात शिकली. त्या शिकण्याची गोष्ट मला आज सांगायची आहे.

सुरुवात माझ्या घरापासून करतो. साल २०००, पावसाळा, पुणे. घरी ५६ हजार बिटांचा मोडेम. रात्री अकरानंतर फोन लावायचा, कारण दिवसा घरातल्या कुणाला तरी फोन हवा असायचा. एक पान उघडायला दोन-दोन मिनिटं लागायची. आणि ही दोन मिनिटं फुकटची नव्हती. पुरवठादाराकडून विकत घेतलेले तास संपत होते आणि टेलिफोनचं मीटरही फिरत होतं. पुरवठादाराला फोन केला की एकच उत्तर: "साहेब, तुमची लाइन खराब आहे." लाइनमनला बोलावलं तर तो रिसीव्हर कानाला लावून म्हणायचा, "लाइन ओके आहे, तुमच्या कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम आहे." कॉम्प्युटरवाला म्हणायचा, "मशीन नवीन आहे, सर्व्हिस बदला." तिघंही प्रामाणिक होते. तिघांपैकी एकानंही काही मोजलं नव्हतं. पैसे मात्र माझे जात होते.

त्या तिघांचं मी शेवटी सांगतो. आधी जरा मागे जाऊ.

१९८३ साल. अमेरिकेत मेरीलँडमध्ये लष्कराची एक प्रयोगशाळा होती, बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरी. तिथे माइक मूस नावाचा तरुण प्रोग्रॅमर काम करायचा. जाळ्यात काहीतरी विचित्र वागणूक दिसत होती आणि ती नेमकी कुठे आहे ते कळत नव्हतं. डिसेंबर महिन्यात त्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, जवळजवळ एका रात्रीत. काम एवढंच: समोरच्या यंत्राला एक छोटं पाकीट पाठवायचं, ते परत आलं की किती वेळ लागला ते छापायचं. पाणबुडीचं सोनार यंत्र आवाज सोडतं, प्रतिध्वनी ऐकतं, त्या आवाजावरून नाव ठेवलं ‘पिंग’. आज प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये पिंग आहे. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की, ‘स्लो आहे’ या तक्रारीला पहिल्यांदा सर्वांच्या हातात असलेलं एक माप मिळालं. तोवर जाळ्याचा संथपणा ही भावना होती. आता तो मिलिसेकंदांत सांगता येऊ लागला.

दुसरा माणूस जॉन नेगल. फोर्ड एरोस्पेस कंपनीत होता. या कंपनीच्या इमारतींच्या आत वेगवान जाळी होती, पण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणाऱ्या तारा त्या मानाने फार मंद होत्या. म्हणजे घरात रुंद रस्ता आणि गावाबाहेर पडायला पाऊलवाट. जानेवारी १९८४ मध्ये त्यानं एक टिपण प्रसिद्ध केलं. इंटरनेटचे नियम ज्या टिपणांमधून ठरतात त्यांना आरएफसी म्हणतात, त्यातलं हे ८९६ क्रमांकाचं.

नेगलनं दाखवलेली एक गोष्ट अगदी हिशेबाची आहे. तुम्ही दूरच्या यंत्रावर बसून एक अक्षर टाइप केलं. अक्षर एक बाइटचं. पण ते ज्या पाकिटातून जातं त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, अनुक्रम, तपासणीचे आकडे, असं चाळीस बाइटचं हेडर असतं. एका बाइटसाठी एक्केचाळीस बाइट! पोस्टकार्डावर एक अक्षर लिहायचं आणि ते ट्रकमधून पाठवायचं, असा हा प्रकार. वेगवान तारेवर हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मंद तारेवर तीच पाकिटं तुंबतात. नेगलचा उपाय साधा होता: आधीच्या पाकिटाची पोच येईपर्यंत टाइप केलेली अक्षरं साठवा, मग एकत्र पाठवा.

याच टिपणात त्यानं एक इशाराही दिला होता. मंद जोडावर गर्दी झाली की यंत्रं पाकिटं पुन्हा-पुन्हा पाठवतील, त्यानं गर्दी आणखी वाढेल आणि जाळं कोसळेल. तारा शाबूत, यंत्रं चालू, सगळं भरून वाहतंय आणि तरी काम शून्य, अशी ही अवस्था. तिला त्यानं गर्दीनं कोसळणं असंच नाव दिलं. फार थोड्यांनी ते मनावर घेतलं.

आणि ऑक्टोबर १९८६ मध्ये तसंच झालं.

कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठ आणि त्याच्या शेजारच्या टेकडीवर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा. जाळ्याच्या हिशेबात अंतर सुमारे चारशे यार्ड, आपल्या भाषेत चालत पाच मिनिटं. या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिट होता. तो घसरला आणि ४० बिटांवर आला. हजार नाही, शंभर नाही, चाळीस. म्हणजे सेकंदाला पाच अक्षरं. हातानं कागद नेऊन दिला असता तर लवकर पोचला असता. (हशा)

प्रयोगशाळेतला व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातला माइक केरल्स, हे दोघं याच्या मागे लागले. इथे निदानाची खरी कसोटी होती. समजा तुम्ही-आम्ही तिथे असतो तर काय म्हटलं असतं? "तार अपुरी आहे, जाड तार टाका." त्यांनी तसं केलं नाही. एकेक पाकीट कधी निघालं, कधी पोचलं, पोच कधी आली, याच्या वेळा त्यांनी मांडल्या. तेव्हा दिसलं की तार रिकामी नव्हतीच, ती भरभरून वाहत होती. वाहत होतं ते जुनंच. तेच पाकीट दोनदा, तीनदा, चारदा.

हे असं का होतं ते सांगतो. एसटी स्टँडवर आरक्षणाची एकच खिडकी आहे आणि मोठी रांग आहे. तुम्ही मुलाला तिकीट काढायला पाठवलं. नेहमी अर्ध्या तासात येतो, आज आला नाही. तुम्हाला वाटलं, वाटेत कुठे हरवला. म्हणून त्याच तिकिटासाठी धाकट्याला पाठवलं. तोही रांगेत उभा. मग पुतण्याला. प्रत्येक घरानं हेच केलं. आता रांगेत शंभर माणसं आहेत, पण तिकिटं हवीत पंचवीस. खिडकीतला कारकून पूर्वीच्याच वेगानं काम करतोय, तरी निम्म्याहून जास्त वेळ तो आधीच दिलेलं तिकीट पुन्हा देतोय. आणि रांग लांबल्यामुळे उशीर वाढतो, उशीर वाढल्यामुळे आणखी माणसं पाठवली जातात.

आपण मराठीत गंमत करतो बघा, तारेलाही ‘लाइन’ म्हणतो आणि रांगेलाही. बर्कलीत लाइन खराब होती, पण दुसऱ्या अर्थानं!

जेकबसन आणि केरल्स यांनी जे उपाय केले ते सगळे पाठवणाऱ्याच्या वर्तनाचे आहेत. पहिला: सुरुवात हळू करा. एक पाकीट पाठवा, पोच आली की दोन, मग चार. वाट किती रुंद आहे ते आधी चाचपा. दुसरा: किती वेळ थांबायचं ते अंदाजपंचे ठरवू नका. आजवरच्या फेऱ्यांना सरासरी किती वेळ लागला आणि त्यात किती चढउतार झाला, दोन्ही मोजा आणि मगच पाकीट हरवलं असं समजा. तिसरा: पाकीट हरवलंच तर त्याचा अर्थ पुढे गर्दी आहे. मग जोर लावू नका, आपला वेग निम्म्यावर आणा आणि पुन्हा सावकाश वाढवा. या सगळ्याच्या मुळाशी एक तत्त्व आहे: एक पाकीट जाळ्यातून बाहेर पडल्याशिवाय नवीन आत सोडायचं नाही.

१९८८ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी हे बदल बर्कलीच्या युनिक्समध्ये आले. तार बदलली नाही, खिडक्या वाढवल्या नाहीत. वाढवायच्या नाहीत असं नाही, पुढे वाढल्याही. पण त्या आधी वाढवल्या असत्या तर आजार थोडा पुढे ढकलला गेला असता, इतकंच.

आता घरच्या फोनवर येऊ, कारण डायलअपचं खरं दुखणं तिथे आहे. १९९० च्या फेब्रुवारीत जेकबसननंच आणखी एक टिपण लिहिलं, आरएफसी ११४४. ते खास मंद तारांसाठी होतं. हिशेब असा. तेव्हा २४०० बिटांचे मोडेम सर्रास होते, म्हणजे सेकंदाला २४० अक्षरं. टाइप केलेल्या एका अक्षराचं पाकीट एक्केचाळीस बाइटचं, त्याचा पडद्यावर दिसायला परत येणारा प्रतिध्वनी तेवढाच. दोन्ही मिळून सेकंदाचा तिसरा हिस्सा. कळ दाबली आणि अक्षर उमटायला एवढा उशीर झाला की माणसाला यंत्र अडखळतंय असं वाटतं. जेकबसननं पाहिलं की एकाच संभाषणातल्या पाकिटांची हेडरं जवळजवळ सारखी असतात. पत्ते बदलत नाहीत, अनुक्रम ठरावीक पावलानं पुढे जातो. मग सगळं दर वेळी कशाला पाठवायचं? फक्त बदल पाठवा. चाळीस बाइटचं हेडर बहुतेक वेळा तीन बाइटवर आलं. तीच तार, तोच मोडेम, आणि टाइप करणाऱ्याला वाटलं की लाइन सुधारली.

तारेलाही मर्यादा आहे, हे नाकारून चालणार नाही. टेलिफोन माणसाच्या आवाजासाठी बांधलेला. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच खिडकी. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये सिद्ध केलं की खिडकी किती रुंद आणि आवाजाच्या मानानं खरखर किती, या दोनच गोष्टींवरून तारेची कमाल क्षमता ठरते. संदेश खरखरीपेक्षा हजारपट बलवान असेल तर ही क्षमता सेकंदाला सुमारे ३१ हजार बिट येते. मोडेम बनवणाऱ्यांनी १९९४ मध्ये २८,८०० आणि १९९६ मध्ये ३३,६०० गाठलं, म्हणजे भिंतीला नाक टेकवलं. मग ५६ हजार कुठून आले? शॅनन चुकले का? नाही. तोवर एक्स्चेंज डिजिटल झाली होती. पुरवठादार एक्स्चेंजला थेट डिजिटल जोडला गेला तर वाटेत अॅनालॉग तुकडा एकच उरतो, एक्स्चेंजपासून तुमच्या घरापर्यंतचा. खरखरीचा एक मोठा स्रोत गेला. हे १९९८ मध्ये व्ही.९० या नावानं प्रमाण झालं. पण फक्त आत येणाऱ्या दिशेनं. बाहेर जाताना वेग ३३,६०० च. आणि वाटेत कुठे जुनं एक्स्चेंज आलं की ५६ हजारांचं आश्वासन खोक्यावरच राहायचं.

तेवढ्यात १९९६ मध्ये स्टॅनफर्डमधल्या स्टुअर्ट चेशर या विद्यार्थ्यानं एक झणझणीत लेख लिहिला. त्याचं म्हणणं, तुम्ही सगळे सेकंदाला किती बिट एवढंच मोजताय, पण एका फेरीला किती वेळ लागतो ते पाहा. स्टॅनफर्डहून देशाच्या दुसऱ्या टोकाला बॉस्टनला जाऊन परत यायला पाकिटाला ८५ मिलिसेकंद लागत होते. आणि घरच्या मोडेममधून नुसतं गावातल्या पुरवठादारापर्यंत जाऊन यायला शंभरच्या वर! मोडेम अक्षरं गोळा करतो, दाबतो, तपासतो, मगच पुढे देतो. या उशिराचं खोक्यावर नावही नसायचं. एक वेब पान म्हणजे अशा पाच-पन्नास फेऱ्या. मग वेग दुप्पट करूनही पान दुप्पट लवकर का येत नाही, याचं उत्तर मिळतं.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. शिक्षण-संशोधन संस्थांमध्ये अर्नेटमुळे ते आधीच होतं, आणि त्यात मुंबईच्या जुहूमधल्या एनसीएसटी या संस्थेचा मोठा वाटा. खासगी पुरवठादारांना नोव्हेंबर १९९८ मध्ये दार उघडलं. पण मला इथे मराठी वाचकाचं एक खास दुखणं सांगायचंय. तेव्हा कॉम्प्युटरवर देवनागरीचं एकच प्रमाण रूढ नव्हतं. प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. म्हणून मराठी पानं काही जण चक्क चित्र म्हणून टाकायचे, काही जण पानाबरोबर फॉन्ट पाठवायचे. आता मोडेममध्ये मजकूर दाबून पाठवायची सोय होती. साध्या मजकुराचं वजन निम्म्यावर यायचं. पण चित्र आधीच दाबलेलं असतं, ते आणखी दबत नाही. तीन हजार अक्षरांचा लेख आजच्या युनिकोडमध्ये नऊ हजार बाइट होतो, कारण देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. तरीही तो २८,८०० वर तीन सेकंदांत येईल. त्याचंच पन्नास हजार बाइटचं चित्र यायला सतरा सेकंद. मराठी वाचकाला वाटायचं आपली लाइन खराब. इंग्रजी पानं मात्र त्याच लाइनवर भराभर उघडायची! तारेचा यात काही दोष नव्हता. आपल्या लिपीची व्यवस्था लागली नव्हती, तिची किंमत वाचक मिनिटांच्या हिशेबानं भरत होता.

आता माझ्या घरचा खटला निकाली काढू. एका मित्रानं सांगितलं, वाद घालू नकोस, एकेक टप्पा मोज. आधी मोडेमचा खरा वेग पाहा. पडद्यावर १,१५,२०० असा आकडा दिसायचा आणि मी मनातल्या मनात खूश व्हायचो. (हशा) तो कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामधल्या केबलचा वेग होता! मोडेमची नोंद वाचली तर तारेवर मिळत होते २६,४००. मग घरातली प्रत्येक जोडणी तपासली. आतल्या खोलीत एक समांतर फोन होता, त्याच्या रोझेटमध्ये पावसाळी ओल शिरून तारा हिरव्या पडल्या होत्या. तो काढला, वेग ४४,०००. म्हणजे पुरवठादार बरोबर होता. पण अर्धाच.

कारण पानं तरीही अडत होती. मित्र म्हणाला, आता पिंग कर. पुरवठादाराच्या पहिल्या यंत्रापर्यंत १७० मिलिसेकंद. मोडेमच्या मानानं उत्तम. त्याच्यापुढच्या परदेशी जोडावर दीड सेकंद, आणि चारातलं एक पाकीट हरवलेलं. म्हणजे गर्दी तिथे होती, त्यांच्याच दारात. तिथून कितीही चांगली तार माझ्या घरात आणली असती तरी उपयोग नव्हता. हे आकडे कागदावर लिहून मी पुरवठादाराला पाठवले. उत्तर आलं नाही, पण मी नवे तास विकत घेणं थांबवलं आणि दुसरी सेवा घेतली. मोजण्यानं मला एवढं तरी मिळालं. ज्याला मोजता येत नव्हतं तो ‘तुमची लाइन खराब आहे’ ऐकत राहिला आणि पैसे भरत राहिला.

शेवटचा मुद्दा. हा सगळा जुना इतिहास आहे असं वाटत असेल तर २०१० कडे या. जिम गेटिस हे नाणावलेले प्रोग्रॅमर. घरी वेगवान केबल जोड. एक मोठी फाइल चढवताना त्यांच्या लक्षात आलं की बाकी सगळं ठप्प होतंय, पिंग एक सेकंदाच्या वर जातंय. डायलअपपेक्षा वाईट! कारण काय? मेमरी स्वस्त झाली होती, म्हणून यंत्रं बनवणाऱ्यांनी प्रत्येक खोक्यात साठवणीची भली मोठी जागा ठेवली होती. हेतू चांगला, एकही पाकीट हरवू नये. पण पाकीट हरवलं नाही तर पाठवणाऱ्याला गर्दी कळणार कशी? तो पाठवतच राहतो, खोक्यात रांग लांबत जाते. गेटिस यांनी या दुखण्याला ‘बफरब्लोट’ म्हटलं, साठवणीची सूज. आणि गंमत अशी की, अमर्याद साठवण असलेलं जाळंही गर्दीनं कोसळू शकतं, हे नेगलनं डिसेंबर १९८५ मध्येच लिहून ठेवलं होतं, आरएफसी ९७० मध्ये. पंचवीस वर्षं ते तिथे होतं. २०१२ मध्ये त्यावर जो उपाय आला तो कॅथलीन निकोल्स आणि आपले ओळखीचे व्हॅन जेकबसन यांचा: रांग किती लांब आहे ते पाहू नका, पाकीट रांगेत किती वेळ उभं आहे ते मोजा.

तीस वर्षांत तारा हजारो पटींनी रुंद झाल्या आणि दुखणं तेच निघालं. म्हणून घरी नेट अडलं की मोठा प्लॅन घेण्याआधी दहा मिनिटं काढा. घरातल्या यंत्रापर्यंत मोजा, पुरवठादारापर्यंत मोजा, त्याच्यापुढे मोजा. मोठी फाइल चालू असताना मोजा आणि बंद असताना मोजा. आकडे कागदावर लिहा. मग कुणी तुम्हाला सांगितलं की लाइन खराब आहे, तर त्याला शांतपणे विचारा: कुठली?